बे पोढियो

“खडा टाकायचा नाही.”

शिवनेरीच्या कड्यातल्या लेण्यांपाशी आमच्यातल्या एका पोरानं टाक्याची खोली बघायला हात उचलला होता. मामांनी तो वरच्या वर धरला. “येणाऱ्यानं एकेक टाकला तर टाकं बुजंल की.” मग त्यांनी आपली काठी आत सोडली, बाहेर काढली आणि ओल्या खुणेवर बोट ठेवलं. “सव्वादोन हात.”

मामा म्हणजे आमचे वाटाडे. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. त्यातली एका दिवसात बघून होतील तेवढी आणि नंतर कुकडीच्या खोऱ्यातून थेट नाणेघाट, असा बेत होता. नोव्हेंबरची सकाळ, आम्ही सातजण. मी वहीत सनावळ्यांसाठी रकाने आखून नेले होते. संध्याकाळपर्यंत ते बहुतेक कोरेच राहिले, कारण मामा सन सांगतच नाहीत. ते आधी बसायला लावतात.

“ओट्यावर बसा ताई. आता आडव्या व्हा.” भिक्षूच्या खोलीतला तो दगडी ओटा माझ्या उंचीला पुरला, रुंदीला मात्र कूस बदलण्याची सोय नाही. उंबऱ्यापाशी दार फिरण्यासाठी कोरलेली खळगी त्यांनी बोटानं दाखवली. आज तिथं दार नाही, पण त्या खळगीमुळे या भोकाची खोली झाली. इथं कोणी तरी रात्री दार लोटून झोपत होतं.

त्यांची दुसरी युक्ती टॉर्चची. आपण टॉर्च भिंतीवर समोरून मारतो आणि सगळं सपाट दिसतं. मामा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरतात. लगेच छिन्नीचा एकेक घाव सावली टाकतो. एका अर्धवट सोडलेल्या लेण्यात त्यांनी हा उजेड छतापासून खाली आणला. वर गुळगुळीत, मध्ये छिन्नीच्या तिरप्या रेघा, खाली नुसता ओबडधोबड कातळ. लेणं छताकडून खाली खोदत आणतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण काम कुठं थांबलं ती रेघ त्या आडव्या उजेडात दिसली. “वरून आलं की परांची लागत नाही,” मामा म्हणाले. “उभं राहायला दगड पायाखालीच असतो.”

त्याच उजेडात ब्राह्मी अक्षरं वर आली. मामा ही लिपी शिकलेले नाहीत. अक्षरांच्या चेहऱ्यांवरून ओळख आहे, तेवढीच. पण शिवनेरीवरचा इरिल नावाच्या यवनाचा लेख त्यांना पाठ आहे. दानात काय दिलं, तर ‘बे पोढियो’, म्हणजे दोन टाकी. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. दोघंही स्वतःला ‘गत’ म्हणवतात. हे गत कोण, यावर पंडितांचं अजून एकमत नाही. मामांचं त्यात मन नाही. “परका माणूस. पाण्याला पैसा दिला. आणि काय पाहिजे?”

पलीकडे मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानंही, लेखातल्या 46व्या वर्षी, पोढी आणि मंडपच दिला. मूर्तीआधी पाणी, हा क्रम त्या दिवशी पुन्हा पुन्हा भेटला. टाक्याचं तोंड लहान ठेवायचं आणि आत पोट वाढवायचं, म्हणजे ऊन कमी शिरतं. वरच्या कातळावर बारीक पन्हळ कोरून पावसाचं पाणी तोंडाशी आणायचं. एरवी आपण खांबांकडे मान वर करून बघतो आणि पायाजवळची ही करामत ओलांडून जातो.

कुकडी ओलांडून लेण्याद्रीला गेलो. चढण्याआधी मामांनी अत्तर लावलेल्यांना मागं राहायला सांगितलं. वर आग्यामोहोळं लागतात. सातव्या लेण्यात गिरिजात्मजाच्या दर्शनाची रांग होती. एकही खांब नसलेला तो प्रचंड मंडप मुळात विहार आहे. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागं सहा खोल्या, त्यातल्याच मागच्या दोन एक करून गणपती बसला. शेजारच्या चैत्यगृहात रांग नव्हती. ते कल्याणच्या सुलसदत्तानं दिलेलं, असं त्याच्या लेखात आहे. कल्याणचा माणूस इथं कसा? मामांनी पश्चिमेकडे काठी केली. “चला, त्याच्या वाटेनं जाऊ.”

ती वाट म्हणजे कुकडीचं खोरं. गाडीतून तीसेक किलोमीटर: माणिकडोहचं पाणी, चावंडचा कातळ, कापणी झालेली भातखाचरं. खोरं अरुंद होत जातं आणि जीवधनच्या बाजूला जमीन अचानक संपते. खाली कोकण. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. आमच्यातल्या एकानं त्यात दहाची नोट टाकून फोटो काढला आणि नोट परत घेतली.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचे पुतळे होते. आता वर फक्त नावं उरली आहेत, सिमुक, सातकर्णी, नागनिका. बाजूच्या भिंतीवर यज्ञांत दिलेल्या गाई आणि कार्षापणांची लांबलचक यादी, आकड्यांसकट. माझ्या रकान्यांना इथं खाद्य होतं. मी उतरवून घेत बसले.

मागं वळून बघते तर मामा बाहेरच्या टाक्यापाशी पालथे पडलेले. बाही खांद्यापर्यंत वर, गाल दगडाला टेकलेला. एकेक खडा काढून काठावर ठेवत होते. वेफर्सचं एक पाकीट आलं, ते त्यांनी खिशात घातलं. सकाळचा तो पोरगा शेजारी उकिडवा बसून मोजत होता.

“अकरा.”

“थांब,” मामा म्हणाले, “अजून एक बोटाला लागतोय.”