नितळ पाण्याची परीक्षा

वजूला बसण्याआधी आम्ही पाणी पाहतो. रंग, वास, चव बदललेली नसावी, ही जुनी कसोटी. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायाही हेच पाहतात. कसोटी शहाणपणाची आहे. पण सांडपाण्यातून मिसळलेले जंतू या तिन्हींना चकवतात.

त्यांचा सुगावा लागावा म्हणून भारतीय संशोधकांनी १९८२ साली एक स्वस्त चाचणी मांडली. निर्जंतुक बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावून बाटली उबदार जागी ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे जंतू असले तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि २४ ते ४८ तासांत पाणी काळे पडते. बाटलीच्या आत बोट लागू द्यायचे नाही. काळे झालेले पाणी ब्लीचिंग पावडर टाकूनच ओतायचे.

पाणी काळे पडले, की पिण्यासाठी ते उकळावे आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. काळे पडले नाही, तरी फ्लोराइड किंवा नायट्रेट नसल्याची खात्री ही बाटली देत नाही.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना पाणी तपासणी शिकवण्याची योजना आहे. मला त्यांच्या किटइतकीच त्यांची वही मोलाची वाटते. ‘पाणी खराब आहे’ ही तक्रार ग्रामसभेत हवेत विरते. जागा, तारीख आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहिलेली वही पुढे ठेवली, तर सरपंचांना उत्तर द्यावेच लागते.