किरणे देणारा माणूस

इस्पितळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर येतो, परिचारिका येते, फार तर औषधे काढून देणारा कंपाउंडर येतो. कर्करोगाच्या इस्पितळात मात्र आणखी एक माणूस असतो, आणि किरणोपचार घेणाऱ्या रोग्याची त्याच्याशी जितक्या वेळा गाठ पडते तितक्या वेळा ती डॉक्टरशीही पडत नाही. पाच, सहा, कधी सात आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, रोगी त्याच्यासमोर येऊन आडवा होतो. तरीही बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला विचारा, "तुम्हांला किरणे कोणी दिली?" तो डॉक्टरांचे नाव सांगेल. किती द्यायची आणि कोठे द्यायची हे डॉक्टरांनी ठरवले, हे खरे. त्यासाठी यंत्र कोणत्या कोनातून किती वेळ चालवायचे याचा हिशेब भौतिकतज्ज्ञाने मांडला, हेही खरे. पण ती प्रत्यक्ष दिली तिसऱ्याच माणसाने. आपल्याकडे त्याला रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात, परदेशात रेडिएशन थेरपिस्ट. मी मराठीचा अध्यापक. मला 'किरणोपचारक' हा शब्द सुचतो. तुम्हांला याहून बरा सुचला तर तो वापरा.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. आपल्याकडे या उपचाराला 'शेक देणे' म्हणतात, कोणी 'लाईट देणे' म्हणतात, कोणी सरळ 'करंट' म्हणून मोकळे होतात. रूढ शब्दांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण या शब्दांनी मनात भलतेच चित्र उभे राहते. शेक म्हटला की भाजणे आले, करंट म्हटला की झटका आला. वास्तविक यात दोन्ही नाही. नेहमीच्या पद्धतीत एका बैठकीला साधारण 2 ग्रे एवढी मात्रा देतात. एक ग्रे म्हणजे शरीराच्या एक किलोग्रॅम भागाने शोषून घेतलेली एक जूल ऊर्जा. हिशेब करून पाहिला, तर 2 ग्रेने त्या भागाचे तापमान एका अंशाच्या दोन हजाराव्या हिश्शाइतके वाढते. चहाच्या एका घोटाने याहून किती तरी अधिक ऊब मिळते! मग ही किरणे करतात तरी काय? ती पेशीच्या केंद्रकात शिरून तिथला वंशसूत्राचा धागा तोडतात, आणि धागा तुटलेली पेशी पुढे दुभंगताना मरते. कातडी काळवंडते, तोंड येते, थकवा वाटतो, ते सगळे याच कारणाने आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांनी. किरणे चालू असताना रोग्याला काहीही जाणवत नाही.

राँटगेनने क्ष-किरण शोधले 1895 साली आणि मारी व पिएर क्यूरींनी रेडियम शोधले 1898 साली. त्यानंतर लवकरच डॉक्टरांनी ही किरणे गाठींवर वापरून पाहिली. थोडक्या बैठकांत मोठी मात्रा दिली की गाठ विरघळे, पण भोवतालचे निरोगी मांसही झडे. पुढे 1920 च्या सुमारास आणि नंतर पॅरिसच्या रेडियम संस्थेत रेगो आणि कुतार या दोघांनी दाखवून दिले की तीच मात्रा थोडी थोडी करून अनेक दिवसांत वाटून दिली, तर गाठ जाते आणि माणूस राहतो. निरोगी पेशी दोन बैठकांच्या मधल्या वेळात आपली मोडतोड बरीचशी सावरून घेतात. कर्कपेशींना ते तितकेसे जमत नाही. आजचा सारा किरणोपचार या वाटणीवर उभा आहे.

आणि किरणोपचारकाचे काम जन्मले तेही या वाटणीतूनच. बघा, एकदाच बाण मारायचा असेल तर एकदाच नेम धरावा लागतो. इथे पस्तीस दिवस, रोज त्याच जागी, मिलिमीटरच्या हिशेबाने नेम धरायचा आहे. आणि लक्ष्य म्हणजे काही भिंतीवरचा ठिपका नव्हे, ते श्वास घेणारे, घाबरलेले, दिवसेंदिवस वाळत जाणारे माणूस आहे.

तो नेम कसा धरतात ते जरा सविस्तर पाहू. उपचार सुरू होण्याआधी रोग्याचा सीटी स्कॅन काढतात आणि त्याच वेळी त्याच्या अंगावर खुणा करतात. कधी शाईच्या, कधी सुईने टोचून केलेल्या बारीक ठिपक्यांच्या. गोंदणच म्हणा ना! आपल्याकडच्या जुन्या बायकांना त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते "या खुणा घासू नका, तेल लावू नका" या ताकिदीचे. यंत्राच्या खोलीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आणि छतावरून प्रकाशाच्या केसासारख्या बारीक रेषा येतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात, नेमक्या तिथे या खुणा आणायच्या. मग यंत्रालाच जोडलेल्या दुसऱ्या क्ष-किरण नळीने आतले चित्र घ्यायचे, पहिल्या चित्रावर ठेवून पडताळायचे, आणि फरक दिसला तर मेज तितके मिलिमीटर सरकवायचे. हे सर्व होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात. किरणे प्रत्यक्ष चालतात ती बहुधा दोन-चार मिनिटेच.

डोक्याचा किंवा घशाचा रोग असेल तर मुखवटा लागतो. प्लॅस्टिकची एक जाळीदार पाटी गरम पाण्यात टाकली की मऊ होते. ती चेहऱ्यावर ताणून बसवली की काही मिनिटांत चेहऱ्याच्या आकाराची होऊन कडक बनते. रोज ती घालून मेजाला पक्की करायची. ज्याला बंद लिफ्टचीही भीती वाटते अशा माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करा. श्वासाला अडथळा होत नाही, हे त्याला पहिल्या दिवशी तोंडाने सांगून पटत नाही. चांगला किरणोपचारक मुखवटा आधी रोग्याच्या हातात देतो, नुसता ठेवून काढून दाखवतो आणि खूण ठरवून देतो: काही वाटले तर हात वर करा, मी लगेच आत येतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तऱ्हा वेगळी. तिथे बाईंना ठरलेले पाणी पाजून ठरलेला वेळ थांबवतात, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि ती किरणांच्या वाटेतून दूर होतात. रोज ते सारखेच भरलेले हवे! डाव्या स्तनाचा रोग असेल, तर कित्येक ठिकाणी छाती भरून श्वास घेऊन तो धरायला शिकवतात. फुप्फुस फुगले की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरते. मुखवटा घालायचा तर गळ्यातले सर्व काढावे लागते. मंगळसूत्र काढायचे म्हटल्यावर एखादी बाई नवरा जिवंत असताना का काढू म्हणून रडू लागते. इथे शास्त्र पुरत नाही. "मावशी, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवा, अंगावरच राहील," असे सांगणारे कोणी तरी लागते. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते.

एवढे सगळे बसवून झाले की किरणोपचारक बाहेर निघून जातो आणि जाड दार बंद होते. पुष्कळ रोग्यांच्या मनात नेमका इथेच संशय येतो. किरणे चांगली आहेत, तर हा पळतो कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की रोगी आपल्या रोगासाठी आपल्या वाट्याची किरणे घेतो. किरणोपचारकापुढे दिवसभर माणसांमागून माणसे येतात, आणि त्याला कोणताही रोग झालेला नाही. आपल्या देशात अशा कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा घातलेली आहे. निसर्गातूनच जगातल्या माणसाला सरासरीने वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. म्हणून त्याच्या छातीवर एक बिल्ला असतो, आणि त्यावर किती किरणे पडली हे ठराविक मुदतीने मोजले जाते. खोलीचे दार उघडे असेल तर यंत्र सुरूच होत नाही. आणि हेही सांगून टाकतो, की अशा यंत्रावर उपचार घेऊन घरी आलेल्या माणसाच्या अंगात किरणे उरलेली नसतात. आजोबांनी नातवाला खुशाल मांडीवर घ्यावे.

बाहेर गेलेला किरणोपचारक कॅमेऱ्याच्या पडद्यावर रोग्याकडे पाहत असतो आणि ध्वनियंत्रावर त्याचा आवाज ऐकत असतो. ही नुसती रीत नव्हे. अमेरिकेत टेक्सासमधील टायलर या गावी 1986 च्या मार्च महिन्यात जे घडले ते या क्षेत्रात आजही शिकवले जाते. थेरॅक-25 नावाचे संगणकावर चालणारे यंत्र होते. चालवणारी बाई अनुभवी, बोटे चपळ. एक अक्षर चुकीचे दाबले गेले, ते तिने झटकन दुरुस्त केले आणि उपचार सुरू केला. पडद्यावर एक आकडी बिघाड उमटला. असले बिघाड त्या यंत्रावर नेहमीच उमटत, त्यांचा अर्थ कोठे नीट दिलेला नव्हता. म्हणून तिने 'पुढे चालू'ची कळ दाबली. त्या दिवशी नेमका आतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि ध्वनियंत्रही बिघडलेले होते. आत रोग्याला पाठीत विजेचा जबर धक्का बसल्यासारखे झाले. तो उठू पाहत असतानाच दुसरा बसला. तो दारावर मुठी आपटू लागला तेव्हा कुठे बाहेर कळले. ठरलेल्या मात्रेच्या शंभरपटीच्या आसपास किरणे त्याला लागली होती. पाच महिन्यांनी तो वारला.

यंत्रात दोष सापडत नाही असे ठरून ते पुन्हा सुरू झाले, आणि एप्रिलमध्ये त्याच बाईच्या हातून दुसऱ्या रोग्याच्या बाबतीत तेच घडले. या वेळी ध्वनियंत्र चालू होते. कण्हणे ऐकून ती धावत आत गेली. नंतर इस्पितळाचा भौतिकतज्ज्ञ आणि ती बाई यंत्रापाशी ठाण मांडून बसली. आपण कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या हे तिला आठवत होते. पुन्हा पुन्हा करून पाहता उमगले की दुरुस्ती अतिशय वेगाने केली तरच घोटाळा होतो. संगणकाच्या आज्ञावलीतली ती खोट या दोघांनी हुडकून काढली. 1985 ते 1987 या काळात या जातीच्या यंत्रांवर अमेरिका आणि कॅनडा मिळून असे सहा अपघात झाले. मला या हकिगतीत त्या बाईचे मोठेपण वाटते. कोणी दोष दिला असता तरी तिने मान खाली घालून गप्प बसणे सोपे होते; ती कळफलकापाशी परत गेली.

आता महाविद्यालयातल्या मुलांसाठी दोन शब्द. बारावी शास्त्र शाखेने झाल्यावर या विषयाची पदवी घेता येते; शरीररचना, किरणांचे भौतिकशास्त्र आणि प्रत्यक्ष इस्पितळातले काम, असा अभ्यास असतो. 2021 च्या कायद्याने आरोग्यसेवेतील ज्या व्यवसायांना राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली त्यांत हाही आहे. मुलींनी तर अवश्य विचार करावा. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या रोगाने आलेल्या बाईला कपडे बाजूला करायचे असतात. खोलीत एक स्त्री आहे, आणि जरुरीपेक्षा एक वीतही अधिक उघडे न ठेवता ती चादर सारखी करते, एवढ्यानेही त्या बाईचा अर्धा ताण उतरतो.

रोज पाहणाऱ्यालाच बारीक फरक दिसतात. मुखवटा सैल होऊ लागला की रोग्याचे वजन उतरते आहे हे काट्याच्या आधी किरणोपचारकाला कळते. कालपर्यंत बोलणारा माणूस आज नुसती मान हलवतो, म्हणजे घसा सोलवटला आहे. हे डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञाला कळवणे हे त्याच्या कामातच येते. पण सर्वांत अधिक डोळ्यांत तेल घालून तो पाहतो ती हजेरी. नागा का करू नये, हे आपल्याकडच्या घरोघरी कळले पाहिजे. उपचार लांबला की उरलेल्या कर्कपेशी वाढीला लागतात. डोके-मान आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांत ठरल्यापेक्षा लांबलेल्या दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते, असा अंदाज आहे. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. दहा दिवस गावी जाऊन या म्हणजे समजेल.

आणि माणसे गावी जातात, ती हौसेने नव्हे. मुंबईत परळचे टाटा इस्पितळ 1941 पासून चालू आहे. विदर्भ-मराठवाड्यातूनच काय, बिहार-बंगालमधूनही माणसे तिथे येतात. उपचार दोन मिनिटांचा, मुक्काम दोन महिन्यांचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाही तर पदपथ आहेच. बरोबर आलेल्या मुलाची रोजी बुडते, गावाकडे पेरणी खोळंबते, घशातले दुखणे वाढते, आणि वीस-बावीस बैठकांनंतर घरचे म्हणतात, "आता बरंच बरं वाटतंय, चला." अशा वेळी किरणोपचारकाने संध्याकाळी यादीवर नजर टाकून, आज न आलेल्या माणसाच्या घरी फोन लावला पाहिजे. त्याने समाजसेविकेला गाठावे. मदतीच्या योजना, राहण्याची सोय, परतीचे भाडे, हे तिच्या हातात असते. तुम्ही रोग्याबरोबर असाल तर अडचण लपवू नका. आधी त्याच्याशी बोला, मग तिकीट काढा.

एखादा दिवस यंत्रच बंद पडते किंवा सण आडवा येतो. मग बुडालेली बैठक शनिवारी भरून काढतात, किंवा डॉक्टरांच्या संमतीने एकाच दिवशी दोन बैठका देतात. मात्र दोहोंत निदान सहा तासांचे अंतर ठेवावे लागते, निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा म्हणून. सकाळी आठला एक झाली, तर दुसरी दुपारी दोननंतर. अशा दिवशी रोग्याने डबा बरोबर आणावा, आणि किरणोपचारकाच्या घरच्यांनी त्याची जेवायला वाट पाहू नये.