सम टाळणारा संगीतकार

शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो तेराव्या शतकात, देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असताना. त्यात १२० देशी तालांची यादी आहे. त्यांतले बहुतेक आपल्या मैफलींतून केव्हाच हद्दपार झाले. विसाव्या शतकात ते वाजले पॅरिसमध्ये, ओलिव्हिए मेसियां (१९०८–१९९२) या संगीतकाराच्या रचनांत. एका फ्रेंच संगीतकोशात ही यादी त्याच्या हाती लागली होती.

लष्करी कवायतीच्या संगीतात लयच नसते, असे मेसियां म्हणे. सारख्या ठोक्यांचा त्याला कंटाळा होता आणि शारंगदेवाकडे तर लघू, गुरू, प्लुत अशा लहानमोठ्या कालांच्या माळाच होत्या. मात्र समोर होते छापील पान. हाताने टाळी-खाली दाखवणारा गुरू नव्हता. त्यामुळे ताल देवगिरीचा, पण सम कुठेच नाही, असा प्रकार झाला. आपला कान यावर अडखळतो. मला मात्र त्याच्या प्रतिभेचे मूळ इथेच दिसते.

१९४० साली तो जर्मनांचा युद्धकैदी झाला. गॉर्लिट्झच्या छावणीत व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो वाजवणारे तिघे सोबत होते, पियानोवर तो स्वतः बसला. १५ जानेवारी १९४१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ तिथेच प्रथम वाजले. चेलोला तीनच तारा होत्या, असे मेसियां पुढे रंगवून सांगे. चेलोवादक पास्किए म्हणे, चारही होत्या!

पहिल्या भागात पियानोची लय १७ कालमूल्यांची आहे, तीन देशी ताल जोडून केलेली. स्वरसंघात (कॉर्ड) मात्र २९. लय पुन्हा सुरू होते तेव्हा स्वरसंघात अजून वाटेतच असतात. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे ४९३ स्वरसंघात वाजल्याखेरीज त्यांची गाठ पडत नाही. त्याआधीच तो भाग संपतो. १९३१पासून मरेपर्यंत पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या या श्रद्धाळू कॅथलिकाला अनंतकाळच ऐकवायचा होता.

१९४९ साली त्याने पियानोच्या एका रचनेत प्रत्येक स्वराला स्वतःची लांबी आणि जोर ठरवून दिला. बुलेझ, श्टॉकहाउझेन हे तरुण संगीतकार त्या वाटेने दूरवर गेले. मेसियां मात्र वही घेऊन रानात पक्षी ऐकत राहिला. पाखरांचा वेग माणसाच्या बोटांना झेपत नाही, म्हणून तो त्यांची गाणी संथ करून, खालच्या पट्टीत लिही. ‘कातालोग द्वाझो’ या पियानोच्या १३ रचना त्यातूनच आल्या.

नव्या श्रोत्याने पक्ष्यांपासून सुरुवात करू नये. आधी क्वार्टेटचा पाचवा भाग ऐकावा: फक्त चेलो आणि पियानो, लय अतिविलंबित. मग पहिल्याकडे वळावे.