जुन्या होडीचा उथळ खाडीत उपयोग

कोकणातील खाड्यांत ओहोटीच्या वेळी अनेक ठिकाणी पाणी उथळ होऊन जड होडी गाळात रुतते. अशा ठिकाणी मासेमारीसाठी जुनी शिडाची होडी थोड्या खर्चात उपयोगात आणता येते. प्रथम तिचा तळ व कणा टोकदार हत्याराने टोचून पाहावा. लाकूड सहज दबल्यास ते कुजलेले समजून बदलावे. गळके सांधे कापूस ठासून व राळ भरून बंद करावेत.

होडीचा भार जितका कमी, तितकी ती पाण्यात कमी बुडते. पाण्याच्या रेषेवर तिचे क्षेत्रफळ ४ चौरस मीटर असल्यास सुमारे ४० किलो भार कमी होताच ती १ सेंटिमीटर वर येते. म्हणून डोलकाठी, शीड व त्यांसाठी तळाशी ठेवलेले दगड काढावेत. काठाच्या फळ्या मात्र कापू नयेत. जाळे ओढताना होडी कलते व काठ बुटका असल्यास पाणी आत शिरते.

बैठकीखाली २० लिटरचे दोन हवाबंद डबे घट्ट बांधावेत. होडीत पाणी भरले तरी ते सुमारे ४० किलो भार तोलून धरतात. शेवटी माणसे व जाळे घेऊन होडीचा तोल किनाऱ्यालगतच तपासावा. ती फार डोलत असल्यास थोडे दगड पुन्हा तळाशी ठेवावेत.