हात बसतो म्हणजे काय होतं?

रंकाळा तलावाच्या काठानं सायकल चालवताना तोल डावीकडं गेला, तर तुम्ही हँडल कुठं वळवता? बरेच जण म्हणतील, "उजवीकडं!" पण खरं तर तुमचे हात हँडल डावीकडंच वळवतात, म्हणून तुम्ही पडत नाही. बघा, हातांना जे ठाऊक आहे, ते तुम्हालाच ठाऊक नाही!

आजीला विचारा, भाकरी थापताना किती जोर लावायचा? ती म्हणेल, "ते काय सांगायचं? हात बसला की जमतंय." कोल्हापुरी चपलेची वेणी गुंफणारी बोटंही अशीच चालतात. या नकळत शिकण्यात मेंदूतल्या दोन भागांचा मोठा वाटा असतो: आत खोलवरचा बेसल गँग्लिया आणि मागच्या बाजूचा अनुमस्तिष्क.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञबाईंनी त्यांना फक्त आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात छान बसला, पण हे काम आपण आधी केलंय, हे मात्र त्यांना आठवतच नव्हतं!

1987 मध्ये निसेन आणि बुलेमर या शास्त्रज्ञांनी एक खेळ योजला. चार दिवे, चार बटणं. जो दिवा लागेल त्याखालचं बटण दाबायचं. दिवे एका ठरावीक क्रमानं पुन्हा पुन्हा लागायचे. क्रम लक्षात आला नाही, तरी बोटांचा वेग वाढत जायचा.

पुढं असे खेळ स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांनाही दिले गेले. हा मेंदूचा गंभीर आजार आहे. यात अनेकांना नसलेले आवाज ऐकू येतात, विचारांचा गुंता होतो. तरीही अनेक प्रयोगांत त्यांची बोटं नकळत शिकताना दिसली. काहींचं शिकणं इतरांपेक्षा कमी किंवा सावकाश होतं. बेसल गँग्लियाचं काम डोपामिन या रसायनाच्या साथीनं चालतं आणि या आजारात त्याच डोपामिनचा तोल बिघडतो. पण मन गोंधळलेलं असतानाही हात शिकू शकतात, ही केवढी आशेची गोष्ट आहे!

मानसिक आजारात औषधांच्या जोडीला व्यवसायोपचारही, म्हणजे हातानं काम करत करत बरं होणंही, असतं. विणकाम, शिवणकाम, बागकाम अशी कामं रोज थोडी थोडी करत गेलं की हात बसतो आणि 'मला जमतंय' हा विश्वास परत येऊ शकतो.

घरी आरशात बघत चांदणी गिरवून बघा. पहिल्या दिवशी रेघ कशी पळते आणि तिसऱ्या दिवशी कशी वळणावर येते, ते वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या गल्लीत, नात्यात असा आजारी दादा किंवा काकू असेल, तर 'वेडा', 'वेडी' म्हणू नका. त्यांना कॅरम खेळायला बोलवा. हात बसायला वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांना द्या.