कुपी विरघळेपर्यंत

तीव्र दम्याच्या रुग्णास ओमॅलिझुमॅब हे औषध टोचण्याची प्रत्यक्ष क्रिया काही सेकंदांत आटोपते. परंतु त्या सेकंदांच्या अलीकडे आणि पलीकडे जी दीर्घ, शिस्तबद्ध आणि बाहेरच्या माणसाच्या नजरेस सहसा न पडणारी खटपट चाललेली असते, तिच्यावरच या औषधाचा निर्धोकपणा अवलंबून आहे. ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीच्या सोबतीने पुण्यातील एका छातीविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसून मी जवळून पाहिली, आणि ती पाहताना तेथील ज्येष्ठ परिचारिकेच्या हातांविषयी जो आदर माझ्या मनात उत्पन्न झाला, तो व्यक्त करावा म्हणूनच हे लिहीत आहे.

बहिणीचा दमा लहानपणापासूनचा. पावसाळ्यातील भिंतीवरची बुरशी, गाद्यांतील धुळीचे किडे आणि पुण्याच्या मोकळ्या जागांवर गेली सहा-सात दशके ठाण मांडून बसलेले गाजरगवत, यांपैकी कोणाचेही निमित्त तिच्या श्वासाला पुरत असे. आणि अलीकडच्या काळात रोजचा पंप नियमित घेऊनही वारंवार स्टेरॉइडच्या गोळ्यांचा आश्रय करावा लागत होता. तरीसुद्धा डॉक्टरांनी इंजेक्शनाचा निर्णय घाईने घेतला नाही. प्रथम त्यांनी तिला आपल्यासमोर पंप ओढावयास लावले, स्पेसर मागवून तिची पद्धत दुरुस्त केली, नाकाचा विकार व पित्ताचा त्रास यांची चौकशी केली, औषधे खरोखरीच रोज घेतली जातात याची खातरजमा केली आणि पोटात जंत नाहीत ना हेही तपासून घेतले. कारण ज्याला आपण तीव्र दमा समजतो तो पुष्कळदा चुकीच्या रीतीने ओढलेल्या पंपाचा परिणाम असतो, आणि असे असता एवढे महागडे औषध सुरू करणे हा रुग्णाच्या शरीरावर आणि संसारावर दोहोंवरही अन्याय ठरतो.

या औषधाचे लक्ष्य म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन-ई, म्हणजेच आयजीई, हे प्रतिपिंड. डेन्व्हर येथील संशोधनशाळेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने 1966 साली त्याचा शोध लावला, स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिख हे स्वतंत्र मार्गाने त्याच निष्कर्षास पोहोचले, आणि 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे नाव निश्चित केले. परागकणासारखा एखादा निरुपद्रवी पदार्थ हाच शत्रू आहे असे समजून श्वासनलिकेतील पेशींना चेतवण्याचे कार्य हे प्रतिपिंड करते. ओमॅलिझुमॅब रक्तातच त्याला गाठून त्याचा नेमका तोच भाग झाकते, ज्याच्या योगे ते त्या पेशींना चिकटले असते. अमेरिकेत या औषधास 2003 साली मान्यता मिळाली. त्यानंतर मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब इत्यादी भावंडे आली व त्यांचे मार्ग निराळे आहेत. कोणास कोणते लागू पडेल हे रक्ताच्या तपासण्यांवरून ठरते.

इंजेक्शनाच्या दिवशी प्रथम वजन होते. मात्रेचे कोष्टक रुग्णाचे वजन आणि उपचारापूर्वीचे आयजीई या दोन आकड्यांवर रचलेले असल्यामुळे हा केवळ शिरस्ता नव्हे. मग पीक-फ्लो मीटरमध्ये जोराने फुंकावयाचे, आणि पाठोपाठ परिचारिकेचे प्रश्न : ताप आहे का, मागच्या खेपेनंतर अंगावर पित्त उठले का, रात्री धाप लागून उठावे लागले का. उत्तरे नोंदवहीत रुजू होतात. धाप वाढलेली आढळली, तर डॉक्टरांच्या हुकुमावाचून कुपी उघडली जात नाही.

ती कुपी दोन ते आठ अंश तपमानाच्या शीतकपाटातून बाहेर येते. आत पांढरी, गोठवून वाळवलेली भुकटी असते, आणि 150 मिलिग्रॅमच्या कुपीत 1.4 मिलिलिटर जंतुरहित पाणी सोडावे लागते. येथून पुढचा भाग मला सर्वांत अधिक पाहण्यासारखा वाटला. इतर इंजेक्शनांच्या वेळी कुपी खसाखसा हलवण्याची जी सवय हाताला जडलेली असते, ती येथे कटाक्षाने आवरावी लागते. कारण औषधाचा रेणू हे एक प्रचंड आणि नाजूक प्रथिन असून हलवल्याने फेस होतो आणि प्रथिनाची घडी बिघडण्याचा संभव असतो. सिस्टरांनी कुपी उभी धरून मनगटाच्या अगदी हलक्या गतीने सुमारे मिनिटभर फिरवली, मेजावर ठेवली, घड्याळ पाहिले, आणि दर पाच मिनिटांनी ती उचलून पाच-दहा सेकंदांपुरती पुन्हा तशीच फिरवत राहिल्या. पंधरा-वीस मिनिटे असे चालते. मधूनमधून त्या कुपी उजेडासमोर धरीत, आणि तिच्यात जेलीसारखा एखादाही कण तरंगताना दिसला की शब्दही न बोलता ती खाली ठेवीत. चाळीस मिनिटांत सर्व विरघळले नाही तर ती कुपी वापरावयाची नाही, अशी स्पष्ट ताकीद आहे. आणि एका कुपीची किंमत ज्याला ठाऊक आहे त्याला या ताकिदीची कठोरता कळेल. बाहेर रुग्णांची रांग असता, दूरध्वनी वाजत असता, त्या हातांची गती मी एकदाही वाढलेली पाहिली नाही. हल्ली भरलेल्या सिरिंजाही निघाल्या आहेत व त्यांनी हे श्रम वाचतात. मात्र त्यांनाही कपाटातून काढून खोलीच्या उष्णतेशी जुळवून घेण्यास अर्धा तास द्यावा लागतोच.

विरघळलेले औषध पातळ मधाप्रमाणे दाट असते, म्हणून ओढून घेण्यास जाड सुई आणि टोचण्यास बारीक, असा क्रम. बहिणीची मात्रा 300 मिलिग्रॅमची असल्याने दोन जागी, दंडाच्या कातडीखाली, तीळ, व्रण किंवा काळेनिळे डाग टाळून ते हळूहळू सोडले गेले. दुखणे फारसे नाही.

त्यानंतर प्रतीक्षा. 2007 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापविला, कारण क्वचित एखाद्या रुग्णास ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे सर्वांगास व्यापणारी प्राणघातक ॲलर्जी, होते असे दिसून आले होते. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या एका समितीने 39,510 रुग्णांची कागदपत्रे तपासली व त्यांपैकी 35 जणांस असा त्रास झाल्याचे नमूद केले. बहुतेक प्रसंग पहिल्या तीन इंजेक्शनांनंतरच्या दोन तासांत घडलेले होते. म्हणून पहिल्या तीन खेपांना दोन तास आणि पुढे अर्धा तास रुग्णास दवाखान्यात बसवून ठेवण्याची शिफारस झाली. बाकाशेजारच्या मेजावर ट्रे मांडलेला असे. त्यात ॲड्रेनलिनच्या एक मिलिग्रॅमच्या कुप्या, सिरिंजा, रक्तदाबमापक, आणि जवळच प्राणवायूचे नळकांडे. रोज सकाळी कुप्यांची मुदत पाहून सही करण्याची तजवीज होती.

"ताई, अंगाला खाज सुटली, घसा आवळला, चक्कर आली, तर पंप शोधत बसू नका, आधी मला हाक मारा," सिस्टर सांगत. या सांगण्यात मोठे तथ्य आहे. दम्याच्या रुग्णास धाप परिचयाची असते, म्हणून तो तिला दमाच समजतो, आणि मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनलिन देण्याची मोलाची मिनिटे पंप ओढण्यात जातात.

पुढे एकदा बहिणीने हौसेने आयजीईची तपासणी पुन्हा करविली आणि आकडा पूर्वीपेक्षा वाढलेला पाहून ती घाबरली. औषधाशी जखडलेले प्रतिपिंड शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून एकूण आकडा वाढलेलाच दिसतो, आणि औषध थांबवल्यावरही वर्षभरापर्यंत तो तसा राहू शकतो. तेव्हा त्यावरून मात्रा बदलावयाची नसते, हे डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावले. गुण आला की नाही याचा निवाडा सुमारे चार महिन्यांनी होतो, तोही झटके, झोप आणि गोळ्यांची गरज यांवरून.

तिच्या गोळ्या आता कमी होत आहेत, पण डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, अल्पाल्प प्रमाणात; दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते आणि गोळी एकाएकी तोडल्यास ती उणीव भरून काढू शकत नाही. रोजचा पंप मात्र चालूच आहे, आणि पर्समध्ये तातडीचाही; कारण हे इंजेक्शन उठलेला झटका थांबवीत नाही. दवाखान्यातून निघताना सिस्टर दर खेपेस कुपीचा बॅच क्रमांक वहीत लिहितात, पुढची तारीख देतात, आणि उशिराने, क्वचित दुसऱ्या दिवशीही, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडखळला तर घरी न थांबता सर्वांत जवळचे रुग्णालय गाठावे, हे बहिणीस नव्हे तर मला उद्देशून सांगतात.