घर नवे की शेजार चांगला?

सोयाबीनची रास झाली, माल बाजारात गेला, चार पैसे गाठीला आले, की घराघरांत एकच विषय निघतो. "औंदा घराचं बघायचं का?" घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील उगीच म्हणत नव्हते. दोन्हींत पैसा जातो, आणि चुकले तर आयुष्यभर निस्तरावे लागते.

मी शेतीखात्यातला माणूस. लोकांनी मला बियाणे विचारावे, खताची मात्रा विचारावी. पण इतकी वर्षे खेडोपाडी फिरल्यावर एक कळले. ज्याच्या शब्दाने एकदा पीक साधले, त्याला शेतकरी पोराची सोयरीकही विचारतो आणि घराची जागाही. यंदा मात्र हा प्रश्न परक्या ओट्यावर नाही, माझ्याच धाकट्या भावाच्या घरी पुढे आला.

भाऊ गावी शेती बघतो. घर जुने, दगडमातीचे, वर माळवद. गल्ली अरुंद, ट्रॅक्टर वेशीपाशीच थांबवावा लागतो. गावापासून तीन किलोमीटरवर डांबरी सडकेला एक तयार घर विकाऊ होते. वर स्लॅब, खाली फरशी, घरातच न्हाणीघर आणि संडास. भावाच्या मनात ते भरले होते.

"दादा, जुनं घर आता किती दिवस रेटायचं? पोराला मित्र घरी आणायची लाज वाटते. सडकेला गेलो तर गाडी दारात येईल," तो म्हणाला.

आई काही बोलली नाही. भावजय चहा घेऊन आली आणि दाराशी थबकली. "तुला काय वाटतं?" मी विचारले. ती जरा संकोचली, मग म्हणाली, "भाऊजी, घर चांगलंच आहे. पण तिथं हाक मारली तर कोण येईल, तेवढं मला कळंना."

त्या एका वाक्याने मला माझीच जुनी चूक आठवली.

माझी चूक

२००१ साली माझी एका तालुक्याच्या गावी बदली झाली. गावाबाहेर नवी वसाहत पडत होती. आम्ही तिथले कोरे घर भाड्याने घेतले. भिंतींना रंगाचा वास, नळ नवे, खिडक्यांना जाळी. आजूबाजूला दहा-बारा प्लॉट. त्यांत दोन घरे उभी, तीही कुलूपबंद. बाकी ठिकाणी नुसते खांब आणि गाजरगवत. मी म्हटले, शांत आहे, बरे आहे.

पण मी सकाळी फिरतीवर जाणारा. कधी रात्रीची शेतकऱ्यांची बैठक, कधी मुक्काम. श्रावणातल्या एका रात्री मी असाच मुक्कामी होतो. पाऊस धो धो. चार वर्षांच्या मुलाला ताप चढला आणि झटके आले. हाकेच्या अंतरावर माणूस नाही, घरात फोन नाही. बायकोने पोराला घोंगडीत गुंडाळले आणि दीड किलोमीटर चिखल तुडवत ती सडकेला आली. दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवाल्याने त्यांना दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला. आज तो नोकरीला आहे. पण ती रात्र बायकोला एकटीला काढावी लागली, हे मी विसरलो नाही.

पुढच्याच महिन्यात आम्ही बाजारामागच्या गल्लीत जुन्या पत्र्याच्या घरात आलो. पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागत. पण डाव्या हाताला शिवणकाम करणारे कुटुंब आणि उजव्या हाताला निवृत्त गुरुजी. मुलगा तीन घरांत जेवून मोठा झाला. सासरे वारल्याचा निरोप मध्यरात्री आला, तेव्हा किल्ली शेजारणीच्या हातात देऊन आम्ही निघालो; परत आलो तर घर झाडलेले होते. त्या गळक्या घरात आम्ही नऊ वर्षे काढली.

किल्लारीचा धडा

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की शेजार चांगला असला म्हणजे घर कसलेही चालते. तसे नाही. हे आम्हा लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात शिकत होतो. मित्रांबरोबर मदतीला गेलो. जे पाहिले ते लिहवत नाही. जाड दगडाच्या, नुसत्या मातीत रचलेल्या भिंती आणि त्यावर मातीचे जड माळवद. तेच माणसांच्या अंगावर आले होते. गल्ली प्रेमाची होती, शेजार सख्ख्यासारखा होता. घराने घात केला.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मानाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे भूकंपाला टिकतील अशी, रस्ते रुंद आणि सरळ. सरकारने आणि अनेक संस्थांनी मोठे काम केले. पण जमिनीप्रमाणे घर म्हटल्यावर जुनी गल्ली जशीच्या तशी उचलून नेता आली नाही. कोणाचा भाऊ या ओळीत, तर कोणाची जन्माची शेजीण गावाच्या दुसऱ्या टोकाला. काही ठिकाणी शेतही लांब पडले. अशाच एका नव्या गावात एक म्हातारी मला म्हणाली होती, "घर लई चांगलं दिलंय बाबा. पर शेजीकडं चटणी मागाया जायचं तर वाट इचारावी लागती."

पुढे तिथेही लिंब वाढले, दारापुढे ओटे झाले, नवी शेजारपाजाऱ्याची नाती जुळली. पण त्याला वर्षे लागली. घर काही महिन्यांत उभे राहते, शेजार उभा राहायला एक पिढी जाते.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न नवे की जुने हा नाही. हे घर जिवाला सुरक्षित आहे का, हा आहे. नसेल, तर ते सुरक्षित करता येईल का? त्याचे उत्तर मिळाल्यावर शेजाराकडे वळावे.

जुने घर कसे तपासावे

माळवद गळू लागले, की आपण वर नवी माती टाकतो. दरसाल थोडी थोडी. आजोबांच्या वेळचा थर, वडिलांचा थर, आपला थर. आता हिशेब करा. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला ४५ किलो धरले, तरी आठ टन होतात. ट्रॅक्टरच्या दोन-तीन भरल्या ट्रॉल्या आपण डोक्यावर घेऊन झोपतो.

भिंतीला पोट सुटले आहे का, कोपऱ्यांत उभ्या भेगा आहेत का, तुळया आणि खांबांना वाळवी लागली आहे का, हे पाहावे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील, तर धक्क्याने भिंत उभी फाटते. असे घर लगेच पाडावेच लागते असे नाही. वरची जादा माती उतरवणे, पाणी मुरू नये म्हणून सोय करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेके देणे, भिंतींना चहूबाजूंनी पट्टा बांधणे, हे उपाय भूकंपानंतर आमच्या भागात सांगितले गेले. मात्र हे काम जाणत्या अभियंत्याला दाखवूनच करावे. गवंड्याच्या अंदाजावर नको.

शेजार कसा पारखावा

मातीचा नमुना कसा घेतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकाच जागची माती घेत नाही. सहा-आठ ठिकाणची घेतो. बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची टाळतो, नाहीतर सबंध शेताचा अंदाज चुकतो. शेजाराचेही तसेच. घर बघायला आपण सणासुदीला, दुपारच्या वेळी, मध्यस्थाबरोबर जातो. ते पुरे नाही. एकदा भर पावसात जा. एकदा रात्री नऊनंतर जा. एकदा शाळा सुटायच्या वेळी आणि एकदा बाजाराच्या दिवशी जा. आणि हे विचारा :

उन्हाळ्यात पाणी कुठून येते? सांडपाणी कोणाच्या दारात जाते? पावसात रस्ता चालण्याजोगा राहतो का? दिवसा, पुरुषमाणसे शेतावर गेल्यावर वस्तीत कोण असते? मुलीला दिवेलागणीनंतर शिकवणीहून एकटी येता येईल का? साप चावला किंवा बाळंतपणाची वेळ आली, तर रात्री वाहन कोणाकडे आहे? आशाताई साधारण हजार वस्तीमागे एक असते. ती या वस्तीवर येते का? पिण्याचे अड्डे जवळ आहेत का? भांडणे किती होतात? ते मालकाला विचारू नका, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा.

चांगला शेजार म्हणजे आपल्या भावकीचा किंवा आपल्या जातीचाच, असेही समजू नका. बांधावरून कोर्टात गेलेली भावकी शेजारी असण्यापेक्षा, अडचणीला धावणारा कोणीही बरा.

कागद

नव्या जागेच्या मोहात कागद बघायचे राहतात. सडकेकडेचा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा नुसत्या स्टँपपेपरवर घेऊ नका. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. सातबाऱ्यावर कोणाचे नाव, फेरफार झाला का, बिनशेतीचा आदेश आहे का, हे तलाठ्याकडे आणि जाणत्या वकिलाकडे पाहून घ्या. उलट गावठाणातल्या जुन्या घराची, २०२० पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका काढून घ्या. मालकीचा पुरावा हाती राहतो आणि बँकेकडे कर्ज मागताना उपयोगी पडतो.

गल्ली केव्हा सोडावी

घर ओढ्याच्या पुरात येत असेल, भिंती दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या असतील, संडासाला हातभर जागा निघत नसेल, शेजारी रोजची दारू आणि शिवीगाळ असेल, लेकीसुनांना दारात बसायची चोरी असेल, तर जुन्या उंबऱ्याची माया धरू नये. खुशाल उठावे. मात्र शक्य असेल तर एकट्याने उठू नये. मळ्यात राहायला जाणाऱ्या दोन-चार घरांनी मिळून शेजारी शेजारी घरे बांधली, तर शेजार बरोबर नेता येतो. एकाच बोअरवर पाणी, एकाच खांबावर दिवा, आणि म्हाताऱ्यांना बोलायला माणूस.

आम्ही काय केले

भावाला मी निर्णय दिला नाही. त्याला आणि भावजयीला रात्री नऊ वाजता त्या सडकेच्या घरी घेऊन गेलो. दोघे अर्धा तास ओट्यावर बसले. समोरून ट्रक जात होते. शेजारचे घर काळोखात. कुत्रे भुंकले, तरी कोणी दार उघडले नाही. परत येताना भाऊ गाडीवर गप्प होता. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू कंदील घेऊन उभ्या. वीज गेली होती. "पोरं माझ्याकडं जेवून झोपलीत, उठवू नका," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अभियंता आणला. त्याने घर वाचवता येईल असे सांगितले. माळवदाची माती उतरवायला गल्लीतले नऊ जण आले. मजुरीचे नाव कोणी काढू दिले नाही. काम चालले ते तेवीस दिवस आई काकूंकडे झोपली आणि चूल शेजारच्या अंगणात पेटली. भिंती बांधून निघाल्या, मागच्या पडवीत संडास आणि न्हाणीघर झाले, एका खोलीत फरशी बसली. नव्या घराच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात काम उरकले, आणि कर्जाचा बोजा तेवढा हलका राहिला.

सगळे साधले असे नाही. ट्रॅक्टर अजून वेशीपाशीच थांबतो. पुतण्या थोडा रुसलेला आहे. त्याला सडकेचे घर हवे होते. त्याचेही चुकत नाही. उद्या तो कमावता झाला की त्याचे तो ठरवील.

वाचकहो, बियाणे दरसाल बदलता येते, जमीन बदलता येत नाही. घर हे बियाण्यासारखे. पैसा आला की सुधारता येते. शेजार जमिनीसारखा आहे. तो पिढ्यांच्या मशागतीने कसदार होतो. यंदा घराचा विचार असेल, तर आधी भिंती तपासा, मग शेजार तपासा, मग कागद. आणि सौदा ठरवण्याआधी घरातल्या बाईला एक प्रश्न विचारा. दिवसभर त्या घरात तिला राहायचे आहे. तिथे हाक मारली, तर कोण येईल?